शाहिराला पुतळा, रॅपरला नारळ

“सर, तेनं रॅप म्हणून पोट भरतंय व्हय?” गेल्या गणेशोत्सवात पेठ वडगावातील आमच्या शेजारच्या एका वहिनींनी मला हा प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा पदवीधर आहे, बेकार आहे आणि स्वतः रचलेली गाणी ठेक्यावर म्हणणे हाच आपला व्यवसाय, असा त्याचा निर्धार आहे. एका मंडळाने त्याला दीड तास गायला लावले. ध्वनिवर्धकांच्या भिंतीचे भाडे चुकते झाले, मांडववाल्याचे झाले, दिवेवाल्याचेही झाले. मुलाच्या हाती मात्र शाल आणि नारळ पडला. वर “तुला व्यासपीठ दिले” हा उपकार! उभे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात घालविलेल्या मला त्या माउलीला त्या रात्री उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आपल्याकडे तयार असतात आणि दोन्ही फसवी आहेत. पहिले उत्तर संस्कृतिरक्षकांचे. त्यांच्या मते रॅप हा परदेशी गोंगाट होय. पण हा गोंगाट १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात जन्मला, तो गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनवंशीय तरुणांच्या वस्त्यांत. ज्या महाराष्ट्रात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभे करून कामगारांचे दुःख डफावर चढविले, त्या महाराष्ट्राला ठेक्यावर बोललेला संताप परका वाटावा, हे आश्चर्यच! काही रॅपगीतांत शिवीगाळ असते, स्त्रीची विटंबना असते, हे खरे आहे आणि त्याची कठोर टीका झालीच पाहिजे. परंतु वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी कादंबरीलेखन हा धंदाच नव्हे असे म्हणत नाही.

दुसरे उत्तर यशाच्या व्यापाऱ्यांचे. पुण्याच्या वस्तीत वाढलेला एम. सी. स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला; मुंबईच्या गल्लीतील रॅपरांवर २०१९ साली ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला; तेव्हा पोरा, कष्ट कर, तुझाही दिवस उगवेल! लॉटरीच्या दुकानात पहिल्या बक्षिसाचा फलक दर्शनी लावतात; न लागलेल्या तिकिटांचा ढीग कोणी दाखवीत नाही. एकाच्या नशिबाने हजारांची मजुरी सिद्ध होत नाही.

आता व्यवहार पाहू. ठेका विकत घ्यायचा मुलाने, ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे तासाचे भाडे भरायचे मुलाने, चित्रीकरण करायचे मित्रांच्या वर्गणीतून. भांडवल त्याचे, श्रम त्याचे, जोखीमही त्याचीच. गाणे लोकांपर्यंत जाते ते बड्या कंपन्यांच्या दारातून, आणि मोबदल्याचा दर एकतर्फी ठरवितात त्या कंपन्या. गाणे गाजलेच, तर कोणी निर्माता एक इंग्रजी कागद पुढे करून सर्व हक्क कायमचे लिहून घेतो. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवितात. पण तिथे निदान दोन्ही हातांना भाव कळलेला असतो. येथे एकाच हाताला कळतो.

वस्तुतः कायदा या मुलाच्या बाजूचा आहे. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ज्याचा हिरिरीने पुरस्कार केला, त्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकाराला आणि संगीतकाराला स्वामित्वधनातील आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल ठरतो. हक्क किती काळासाठी दिले हे कागदावर नसेल, तर ती मुदत पाच वर्षांची धरली जाते. किती महाविद्यालयांत हे शिकविले जाते? मीही कधी शिकविले नाही, याची कबुली दिली पाहिजे.

आणि शासन? अण्णा भाऊ १९६९ साली विपन्नावस्थेत वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले, चांगलेच झाले. पण पुढच्याच एप्रिलमध्ये राजकारण्यांवर बोचरे रॅप रचल्याबद्दल राज मुंगासे यांच्यावर अंबरनाथला आणि उमेश खाडे यांच्यावर मुंबईत वडाळ्याला गुन्हे दाखल झाले. मेलेल्या शाहिराला हार आणि जिवंत शाहिराला पोलीस ठाण्याची पायरी, हेच का सांस्कृतिक धोरण?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. मंडळांनी व नगरपालिकांनी कलावंताचा मोबदला आधी, लेखी ठरवावा आणि मांडवाच्या भाड्याप्रमाणेच तो हिशेबात दाखवावा. विद्यापीठांनी कलावंत विद्यार्थ्यांना करार वाचायला शिकवावे. शाहीर, तमाशा कलावंत, वाद्यवृंदातील वादक आणि रॅपर यांनी एकाच संघटनेत यावे. एकेकट्याने भाव मागणाऱ्याला बाजार भाव देत नाही, हा गिरणी कामगाराने शिकविलेला धडा रॅपरला लागू नाही असे थोडेच आहे? सत्तेवरील टीकेला गुन्हा मानणे शासनाने सोडावे.

वहिनी, सगळ्यांचे पोट यावर भरेल असे मी खोटे सांगणार नाही. शेतीवर तरी सगळ्यांचे कुठे भरते? पण तुमच्या मुलाने यमक जुळविण्याबरोबर हिशेब मागायलाही शिकावे. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, येत्या उत्सवात नारळ अवश्य द्या. मात्र त्यासोबत ठरलेली रक्कम द्या आणि त्याची पावती घ्या. नुसता नारळ हाती देणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.