सक्तीच्या टाळ्या

एखादा नावाजलेला मराठी चित्रपट आपल्याला आवडला नाही, हे चारचौघांत सांगण्याची आता चोरी झाली आहे. सांगणारा तरुण असेल तर त्याच्या संस्कारांचा उद्धार होतो. वयस्क असेल तर 'तुम्हीसुद्धा?' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते. आम्हांस हा प्रकार साफ अमान्य आहे. अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटाने ज्याची निराशा झाली, त्याने निदान तो चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिला आहे. आमचे भांडण आहे ते न पाहताच माना डोलावणाऱ्यांशी, आणि सिल्व्हासातील आपल्या मराठी घरांत त्यांची संख्या कमी नाही.

शासकीय सेवेत आमची हयात गेली. तेथे गोपनीय अहवाल नावाचा एक प्रकार असे. एखाद्या अधिकाऱ्याला कोणे एके वर्षी कोणा वरिष्ठाने 'अत्युत्कृष्ट' असा शेरा दिला, की पुढचा वरिष्ठ मागचा कागद पाही आणि तोच शेरा खाली उतरवून मोकळा होई. काही वर्षांनी त्या अधिकाऱ्याचे काम प्रत्यक्षात कसे आहे, याची चौकशी करणारा कोणी उरत नसे. शेराच शेऱ्याला जन्म देई. चित्रपटांच्या कीर्तीचेही पुष्कळ अंशी असेच चालते. त्यातून २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून तर हा शब्द लग्नातल्या अक्षतांसारखा उधळला जात आहे. जुने ते अभिजात, कृष्णधवल ते अभिजात, आणि पदक मिळालेले तर विचारायलाच नको.

पदकांची ही महती आपल्या मुलखात अधिक का, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटली. त्याच साली दिल्लीत राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा पहिला सोहळा झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरलेल्या मंडळींत सुधीर फडके होते. त्या कार्याच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. मुक्तीनंतर शिक्षक, कारकून, वैद्य म्हणून जी मराठी कुटुंबे या दमणगंगेच्या काठी स्थिरावली, त्यांच्या मनात स्वातंत्र्य, गाणे आणि सिनेमा या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या राहिल्या. भोवताली गुजराती आणि हिंदी, मराठी चित्रपट पाहायचा तर बहुधा बाहेरगाव गाठायचे. अशा स्थितीत जुना मराठी चित्रपट हा देव्हाऱ्यातला टाक झाला. ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु टाक पूजेसाठी असतो आणि चित्रपट पाहण्यासाठी. देव्हाऱ्यात बसवलेला चित्रपट कोणी मनापासून पाहत नाही.

आता 'श्यामची आई'चेच घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली हे पुस्तक लिहिले आणि १९५३ साली, गुरुजी गेल्यानंतर तीन वर्षांनी, त्याचा चित्रपट आला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांनी महाराष्ट्राला रडवले, यात वाद नाही. पण आजच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो दाखवून 'रडू आले की नाही?' असे दरडावून विचारणे ही कोणती रसिकता? त्या मुलाला गोष्ट संथ वाटते, संवाद प्रवचनासारखे वाटतात, आणि पोहायला घाबरणाऱ्या मुलाला मारून विहिरीवर धाडणारी आई त्याला कठोर वाटते. तसे वाटण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आम्हांलाही पुस्तकातली आई पडद्यावरील आईपेक्षा सरस वाटते. पुस्तकात श्याम स्वतः सांगतो आहे. त्याच्या सांगण्यात पश्चात्तापाचा जो कंप आहे, तो पडद्यावर पुष्कळदा अश्रूंत विरघळून जातो. हे म्हटल्याने गुरुजींचा अवमान होत नाही आणि अत्र्यांचा तर मुळीच नाही. ज्यांनी 'झेंडूची फुले' लिहून आपल्या काळच्या प्रतिष्ठित कवींची यथेच्छ टर उडवली, त्यांचीच कृती आज टीकेपासून सोवळ्यात ठेवली जावी, हा विनोद अत्र्यांनाच सर्वाधिक आवडला असता!

आणि अभिजाततेची ही यादी काही आकाशातून पडलेली नसते. 'साइट अँड साउंड' हे इंग्रजी मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी करते. पहिल्या खेपेस 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी होता. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'सिटिझन केन'ने ते स्थान राखले. २०१२ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ओढले. २०२२ साली शान्ताल आकरमान या बाईंच्या १९७५ सालच्या 'जान डिलमान'ने 'व्हर्टिगो'लाही हटवले. हा शेवटचा चित्रपट सव्वातीन तासांहून मोठा, आणि त्यात एक विधवा बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते, हे जवळजवळ तितक्याच वेळात दाखवले आहे जितका वेळ ते काम प्रत्यक्षात घेते. पन्नास वर्षे जो चित्रपट जगात सर्वश्रेष्ठ होता तो एका मतदानात दुसरा झाला, म्हणजे त्याची एखादी चौकट कोणी कापली काय? चित्रपट तोच, पाहणारे बदलले. उलट गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९ साली सपशेल आपटला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. समीक्षकांना मत बदलण्याची एवढी मुभा, तर आपल्या घरच्या प्रेक्षकाला मत बाळगण्याचीही नसावी?

याचा अर्थ सारेच जुने टाकाऊ, असा कोणी काढू नये. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' कोणत्याही शिफारशीवाचून उभा राहतो, असे आमचे ठाम मत आहे. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण ही माहिती चित्रपट दाखवण्यापूर्वी सांगूच नये. मुले त्यातल्या चमत्कारांना हसतात, विमानाला तर हमखास. हसू द्यावे. गौरीबाईंची जिजाई पडद्यावर आली की तीच मुले गप्प होतात. लेकरू आजारी पडल्यावर पायातले खेटर हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली ती बाई, आणि नवऱ्याला वैकुंठाचे बोलावणे आले तरी चूल आणि पोरे सोडून न जाणारी ती बाई, कोणाला समजावून सांगावी लागत नाही. विष्णुपंत पागनीस तुकोबांचा अभिनय करीत आहेत, हेही थोड्या वेळाने विसरायला होते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले, यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

'श्वास'बद्दल मात्र आम्ही वेगळे बोलणार आहोत, आणि ते काहींना झोंबेल. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी, २००४ साली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो या चित्रपटामुळे. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली आणि तिकडच्या प्रसिद्धीच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. येथूनच गडबड झाली. वर्गणी दिलेला माणूस गणपती कसा बसला आहे हे सांगत नाही, 'छान!' एवढेच म्हणतो. अरुण नलावडे यांचा आजोबा आणि अश्विन चितळे याचा नातू यांच्यात जे घडते ते अस्सल आहे. शस्त्रक्रियेने दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग दाखवायला आजोबा रुग्णालयातून निघतो, तो भाग तर हृदयाला भिडतो. परंतु त्याआधीचा बराच चित्रपट रोगाची माहिती देण्यात गुंतला आहे. तेवढ्यापुरती आमची निराशा झाली, आणि ती आजही कायम आहे.

याउलट ज्या चित्रपटाने आपल्यापैकी बहुतेकांची निराशा केली, त्याची बाजू घेणे आम्हांला भाग आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि २०१५ साली तो चित्रगृहांत आला. आपल्याकडची सार्वत्रिक तक्रार अशी की, यात काही घडतच नाही. कॅमेरा एका जागी ठेवून दिग्दर्शक चहाला गेला असावा. एका वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप, आणि मग तारखांमागून तारखा. वाचकहो, ज्याने आयुष्य फायलींच्या सहवासात काढले त्याला हा चित्रपट संथ वाटणार नाही. कचेरीत अन्याय असाच होतो: कोणी ओरडत नाही, कोणी दुष्ट नसतो, पुढची तारीख पडते आणि सगळे जेवायला जातात. दिवे मालवल्यानंतरही कॅमेरा त्या रिकाम्या न्यायालयात थांबतो, ते उगाच नव्हे.

पण आपल्या निराशेचे खरे कारण संथपणा नसावा, असा आमचा संशय आहे. त्या चित्रपटातली सरकारी वकील एक साधी, कष्टाळू मराठी गृहिणी आहे. ती मुलांना घेऊन नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयाची टिंगल चालते आणि सारे प्रेक्षागृह टाळ्या पिटते. ते प्रेक्षागृह आपले आहे. त्या टाळ्या आपल्या आहेत. आणि आपण, दादरा नगर हवेलीत राहणारी मंडळी, कोण? वारली, कोकणा, धोडिया येथले मूळचे; आपण सारे मागाहून आलेले. आपल्या आजोबांना येथे कोणी रंगमंचावर उभे करून हसले असते तर? 'कंटाळवाणा' या शब्दाआड लपता येते, ते अशा वेळी. म्हणूनच आम्ही निराश प्रेक्षकाला बोलू द्या म्हणतो, तेव्हा त्याला पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे, असेही म्हणतो: नेमके कोठे आवडले नाही? मध्येच उठून जाणाऱ्यास आमची हरकत नाही. मात्र अर्ध्यावर उठलेल्याने उरलेल्या अर्ध्यावर निकाल देऊ नये.

आणखी एक गोष्ट रसिकांनी ध्यानात घ्यावी. जुन्या चित्रपटांबद्दलची निम्मी नाराजी ही वाईट प्रतींची आहे. रेषा उठलेले चित्र, फाटका आवाज, मध्येच गायब झालेला प्रसंग, आणि तोही हातातल्या मोबाइलच्या इवल्या पडद्यावर! असा 'संत तुकाराम' पाहून नातवाने नाक मुरडले तर त्याला रागे भरण्यापेक्षा चांगली प्रत मिळवावी, खोलीत अंधार करावा आणि आपण त्याच्याबरोबर बसावे.

आपल्या मंडळींत अधूनमधून जे चित्रपट दाखवले जातात, त्यांच्याबाबत आमची सूचना साधी आहे. प्रास्ताविकात पुरस्कारांचा उल्लेख करू नये; दिग्दर्शकाचे नाव आणि साल पुरे. चित्रपट संपल्यावर पाव तास राखून ठेवावा आणि प्रथम उपस्थितांपैकी सर्वांत लहान असेल त्याने बोलावे, नंतर त्याहून मोठ्याने. आमच्यासारख्या निवृत्तांनी अगदी शेवटी, आणि तेही वेळ उरला तर.