सवलतीची गोळी आणि पाच रुपयांचा शेअर

घरबसल्या औषध, घरबसल्या रक्ततपासणी आणि घरबसल्या डॉक्टरचा सल्ला या तीन सोयी गेल्या काही वर्षांत शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडल्या आहेत. त्याबद्दल कोणी कुरकुर करावी असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्यांच्या पाठोपाठ एक चौथी सोयही घरात शिरली आहे. ज्या कंपन्या या सेवा देतात त्यांचेच शेअर, शेअरबाजारात त्यांची नोंद होण्यापूर्वीच, एखाद्या दलालाकडून मोबाइलवरून विकत घेण्याची ही सोय होय. दादर-पार्ल्यापासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत आणि तेथून पुण्याच्या पेठांपर्यंत, ज्यांनी आयुष्यभर मुदतठेवीखेरीज दुसऱ्या कशाला हात लावला नाही, अशा कुटुंबांतही या शेअरांची कुजबूज पोहोचली. या सोयीचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे.

उदाहरण आपल्याच शहरातले घेऊ. २०२१ च्या जून महिन्यात ‘फार्मइझी’ या नावाने औषधे घरपोच करणाऱ्या व्यवसायाच्या मालक कंपनीने, म्हणजे एपीआय होल्डिंग्जने, नव्या मुंबईतील थायरोकेअर या रक्ततपासणी कंपनीचा ६६.१ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. भाव दर शेअरला १,३०० रुपये आणि एकूण रक्कम सुमारे ४,५४६ कोटी रुपये. घेणारी कंपनी अवघ्या सहा वर्षांच्या व्यवसायाची आणि तोट्यात; विकली जाणारी पंचवीस वर्षांची आणि नफ्यात! नवउद्योगाने बाजारात नोंद असलेली कंपनी गिळावी या घटनेचे त्या वेळी केवढे कौतुक झाले हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी गुंतवणूकदारांनी एपीआय होल्डिंग्जचे मूल्य ५६० कोटी डॉलर ठरविले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने ६,२५० कोटी रुपयांच्या जाहीर शेअरविक्रीचा मसुदा सेबीकडे दाखल केला.

येथून पुढची कथा उताराची आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बाजाराची स्थिती अनुकूल नसल्याचे सांगून मसुदा मागे घेण्यात आला. थायरोकेअरच्या खरेदीसाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज आणि त्या दुसऱ्याचा भार हलका करण्यासाठी नवे भांडवल, अशी साखळी सुरू झाली. २०२३ मध्ये सुमारे ३,५०० कोटी रुपये उभारण्यासाठी विद्यमान भागधारकांना हक्काचे शेअर देऊ करण्यात आले. त्यांचा भाव होता पाच रुपये. पूर्वीचा होता पन्नास! दरम्यान, ज्या थायरोकेअरसाठी १,३०० रुपये मोजले होते तिचा शेअर त्याच वर्षाच्या पूर्वार्धात ५०० रुपयांच्याही खाली आला होता. २०१६ साली ती कंपनी प्रथम बाजारात आली तेव्हा तिने ४४६ रुपयांना शेअर विकला होता. म्हणजे सात वर्षांचा प्रवास करून गाडी जवळजवळ मूळ स्थानकावर परत आली.

यात कोणी कोणाला फसविले असा आरोप आम्ही करीत नाही. कंपनीचा मसुदा सर्वांस वाचावयास खुला होता आणि ३१ मार्च २०२१ रोजी संपलेल्या वर्षात २,३३५ कोटींच्या उत्पन्नावर ६४१ कोटींचा तोटा झाला हेही जाहीर होते. प्रश्न असा की, हे आकडे समोर असताना सुशिक्षित, हिशेबी आणि भाजीच्या जुडीत दोन रुपयांची घासाघीस करणाऱ्या आमच्या वाचकवर्गातील अनेकांनी हा शेअर का घेतला?

पहिले कारण आम्हांस असे दिसते की, त्यांनी ती कंपनी गिऱ्हाईक म्हणून पाहिली होती आणि गिऱ्हाइकाला ती आवडली होती. रक्तदाबाच्या गोळ्या वीस टक्के सवलतीने दारात येत होत्या. मग एवढी लोकप्रिय कंपनी भरभराटीस येणार नाही तर कोण येणार? आता या सवलतीचे गणित पाहावे. सरकारच्या औषधकिंमत नियंत्रण आदेशानुसार ज्या औषधांची कमाल किंमत ठरलेली आहे, त्यांवर किरकोळ विक्रेत्यास सोळा टक्के नफा धरलेला असतो. इतर औषधांवर व्यापाराच्या रूढ रीतीप्रमाणे तो सुमारे वीस टक्के पडतो आणि घाऊक व्यापाऱ्याचा आठ-दहा टक्के वेगळा. नाक्यावरचा औषधवाला याच सोळा-वीस टक्क्यांत दुकानाचे भाडे, नोकराचा पगार आणि स्वतःचा संसार भागवितो. जो विक्रेता वीस टक्के सूट देऊन शिवाय मोटारसायकलवरून माणूस पाठवितो आणि वर जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततो, त्याने घाऊक व्यापाऱ्याचाही वाटा पदरात पाडून घेतला तरी त्याच्या हाती काय उरावे? उरत होती ती तूट, आणि ती भरून निघत होती भागधारकांच्या भांडवलातून. म्हणजे ज्या गृहस्थाने सवलतीची गोळी घेतली आणि त्याच उत्साहाने शेअरही घेतला, त्याने गोळीवर वाचविलेले पन्नास रुपये आपल्याच दुसऱ्या खिशातून दिले होते. फरक इतकाच की, सवलत सर्व गिऱ्हाइकांना मिळाली आणि बिल मात्र भागधारकांच्या नावे फाडले गेले. पुढे पुढे सवलती आखडल्या, घरपोच सेवेला आकार लागू लागला. गिऱ्हाइकांनी कपाळाला आठ्या घातल्या. भागधारकांनी मात्र त्याच वेळी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्याची चर्चा आमच्याकडे जवळजवळ होतच नाही. बाजारात नोंद नसलेल्या शेअराचा भाव ठरतो कसा? शेअरबाजारात हजारो खरेदीदार आणि हजारो विक्रेते समोरासमोर असतात आणि प्रत्येक सौद्याचा आकडा सर्वांना दिसतो. येथे दलाल आपल्या संकेतस्थळावर एक आकडा लिहितो. घेण्याचा भाव एक, विकण्याचा दुसरा, आणि विकावयास जावे तर दलालाकडे गिऱ्हाईकच नसते! त्या आकड्याला आधार कोणता, असे विचारले की, ‘अमुक परदेशी फंडाने शेवटच्या फेरीत याच भावाने पैसे घातले’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे. मोठे फंड बहुधा अग्रहक्काचे शेअर घेतात. कंपनी विकली अथवा बुडाली तर आधी त्यांचे पैसे परत करावयाचे आणि पुढची फेरी कमी भावाने झाली तर त्यांना भरपाई म्हणून वाढीव शेअर द्यावयाचे, अशा अटी करारात घालून घेण्याची त्यांची रीत आहे. सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती येतो तो साधा शेअर, जो रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. पंक्तीतल्या पहिल्या पानाची किंमत देऊन शेवटच्या पानावर बसण्याचा हा प्रकार आहे.

आणि त्याला तो शेअर विकतो कोण? कंपनीचा कर्मचारी, ज्याला तो कामाचा मोबदला म्हणून मिळालेला असतो. किंवा आरंभीचा गुंतवणूकदार, ज्याने तो कवडीमोलाने घेतलेला असतो. दोघेही कंपनीच्या आतल्या खोल्या पाहून आलेले असतात आणि घेणाऱ्याने फक्त दर्शनी भिंत पाहिलेली असते. कर्मचाऱ्याला घर घ्यावयाचे असेल, मुलीचे शिक्षण असेल. विकणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु आतून ओळखणारा माणूस बाहेर पडत असता बाहेरून पाहणाऱ्याने धावत आत शिरावे, आणि त्यातही शेअरबाजारात नोंद झाल्यानंतर सहा महिने आपला शेअर विकता येणार नाही हा नियम ठाऊक नसता शिरावे, याला गुंतवणूक म्हणणे भाषेवर अन्याय करणे आहे.

हा रोग केवळ आपलाच नाही. अमेरिकेत टेलाडॉक या दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या कंपनीचा शेअर २०२१ च्या फेब्रुवारीत तीनशे डॉलरच्या घरात होता. २०२४ मध्ये तो दहा डॉलरच्या खाली घसरला. तिनेही ऐन तेजीत, २०२० साली, लिव्होंगो नावाची कंपनी १,८५० कोटी डॉलरना घेण्याचे ठरविले होते, आणि २०२२ च्या ताळेबंदात १,३७० कोटी डॉलरचा तोटा दाखविला, ज्याचा बहुतांश भाग अशा खरेदीतील फुगवट्याचाच होता. लंडनची बॅबिलॉन २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ४२० कोटी डॉलरच्या मूल्याने न्यूयॉर्कच्या बाजारात दाखल झाली. पुढच्याच वर्षी भाव इतका घसरला की पंचवीस शेअरांचा एक शेअर करून तो वर उचलावा लागला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सारेच संपले. पेअर थेरप्युटिक्सची कथा आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते. व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरने औषधासारखे लिहून द्यावयाचे तिचे मोबाइलवरील साधन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली मान्य केले होते. म्हणजे विज्ञानाची बाजू लंगडी नव्हती. डॉक्टर ते लिहून देत होते, पण विमा कंपन्या पैसे देण्यास राजी नव्हत्या. २०२१ च्या डिसेंबरात सुमारे १६० कोटी डॉलरच्या मूल्याने बाजारात आलेल्या या कंपनीने २०२३ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि लिलावात तिची मालमत्ता साठ लाख डॉलरहून थोड्या अधिक रकमेत गेली.

मुंबईला तर असल्या तेजीचा अनुभव दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले तेव्हा बॅक बे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि ती इमारत कोसळली. समुद्र हटविण्याची कल्पना वेडगळ नव्हती. पुढील काळात या शहराने समुद्र हटविलाच, आणि भर घातलेल्या जमिनीला आज काय भाव आहे हे सांगावयास नको. पण ज्यांनी पन्नास हजारांना शेअर घेतला त्यांच्या वारसांना त्या जमिनीचा एक चौरस फूटही मिळाला नाही.

डिजिटल आरोग्यसेवेचेही असेच आहे. ती उपयुक्त आहे आणि वाढणार आहे. २०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला त्याच आठवड्यात सरकारने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या सेवेतून २०२४ पर्यंत पंचवीस कोटींहून अधिक सल्ले देण्यात आले, आणि त्यांतील मोठा भाग खेड्यापाड्यांतल्या आरोग्यकेंद्रांतून झाला. तिचा शेअर कोठे मिळत नाही म्हणून तिची चर्चाही आमच्या बैठकीच्या खोल्यांत होत नाही, हा भाग निराळा.

‘पैसा ज्याचा त्याचा, बुडविण्याचा अधिकारही ज्याचा त्याचा’ असा युक्तिवाद यावर करण्यात येईल. तो आम्ही एका मर्यादेपर्यंत मान्य करतो. परंतु ज्या व्यवहारात किमान माहितीही एका बाजूलाच असते तेथे हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय या व्यवसायाच्या पायाखालची जमीनच सरकारने अनिश्चित ठेवली होती. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने २०१८ च्या ऑगस्टमध्ये काढला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्रीस मनाई केली. साथीच्या काळात घरपोच औषधांना मुभा मिळाली. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत औषध महानियंत्रकांनी या कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. तोपर्यंत २०१८ चा मसुदा मसुदाच राहिला होता. जो धंदा उद्या कायदेशीर ठरेल की नाही हे सरकारलाच सांगता येत नव्हते, त्याचे शेअर निवृत्तीच्या पैशांतून विकत घेतले जात होते!

कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमाने खासगी शेअरविक्रीवर वर्षाला दोनशे व्यक्तींची मर्यादा घातली आहे. अनोळखी जनतेकडून पैसा गोळा करावयाचा तर जाहीर माहितीपत्रक काढावे, हा तिच्या मागचा हेतू. पण एकदा दिलेला शेअर दलालांच्या मार्फत हजारोंच्या हाती गेला की हा हेतू कागदावर राहतो. सेबीने २०२४ च्या डिसेंबरात अशा अनधिकृत व्यासपीठांविरुद्ध इशारा दिला, आणि २०२५ मध्ये तिच्या अध्यक्षांनी नोंदपूर्व शेअरांसाठी नियंत्रित व्यासपीठाची कल्पना बोलून दाखविली. दोन्ही गोष्टी योग्य दिशेच्या आहेत. मात्र २०२० च्या मार्चमध्ये सुमारे चार कोटी असलेली डीमॅट खाती २०२४ अखेर अठरा कोटींवर गेली असता नुसत्या इशाऱ्याने भागणारे नाही.

सेबीने व्यासपीठ उभारावयाचे असेल तर त्यावर येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून सहामाही हिशेब सक्तीने घ्यावा. अग्रहक्काच्या शेअरांच्या अटी साध्या मराठीत, हिंदीत आणि अन्य भारतीय भाषांत शेअराच्या भावाशेजारीच छापाव्यात, आणि विकणारा कर्मचारी, संस्थापक की बाहेरचा गुंतवणूकदार आहे हे घेणाऱ्याला सौद्यापूर्वी कळवावे. दलालाला घेण्याचा आणि विकण्याचा भाव एकाच वेळी जाहीर करण्याचे आणि त्या भावाने निदान काही शेअर परत घेण्याचे बंधन घालावे. यातले शेवटचे बंधन दलालांना मुळीच रुचणार नाही. पण त्यापासून सेबीने आरंभ करावा असे आम्ही सुचवितो.