विश्लेषण : केमिस्ट्रीचे ‘फुकटचे’ ३० गुण कोणाला महागात पडतात?

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी केमिस्ट्री एकच, पण परीक्षा अनेक. राज्य मंडळाचा पेपर, एमएचटी-सीईटी, शिवाय जेईई मेन किंवा नीट. या धावपळीत सर्वांत आधी बळी जातो तो प्रयोगशाळेचा. प्रात्यक्षिकाचे गुण मिळतातच, मग तिथे वेळ कशाला घालवायचा, असा हिशेब विद्यार्थी, पालक आणि क्लास तिघेही मांडतात. तो चुकतो कुठे?

कोणती परीक्षा काय विचारते?

मंडळाच्या १०० गुणांपैकी ७० लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. तीन तासांच्या लेखी पेपरात बहुपर्यायी प्रश्न फक्त १० गुणांचे. बाकी सारे लिहून, समीकरण मांडून, गणित सोडवून मिळवायचे. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते.

एमएचटी-सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. फिजिक्स धरून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न व १८० गुण, जेईई मेनमध्ये २५ प्रश्न व १०० गुण. या दोन्हींत चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.

मग पाठांतरावर भर का?

५४ सेकंदांत विचार कधी करणार, म्हणून अभिक्रिया, अपवाद आणि ‘ट्रिक’ पाठ करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. काही गोष्टी पाठ असाव्याच लागतात. पण प्रश्न थोडा फिरवून आला की पाठ केलेले उत्तर हाताशी येत नाही. कारण माहीत असलेला विद्यार्थी तिथेही वाट काढतो.

एका टायट्रेशनमध्ये काय असते?

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक आम्लात विरल सल्फ्युरिक आम्ल मिसळून ते ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतात, कारण थंड द्रावणात अभिक्रिया फार सावकाश होते. हा झाला रासायनिक गतिकीचा धडा. ब्युरेटमधून पडलेले पहिले जांभळे थेंब रंगहीन व्हायला वेळ घेतात, नंतरचे झटपट विरतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच उत्प्रेरक बनतात, म्हणून.

मँगनीजची ऑक्सिडेशन अवस्था +७ वरून +२ वर येते. हे संक्रमण मूलद्रव्यांचे प्रकरण. वेगळा सूचक लागत नाही. टिकून राहणारी फिकट गुलाबी छटा हाच अंतिम बिंदू. हायड्रोक्लोरिक आम्ल का नको? परमँगनेट त्यातील क्लोराइडचेच क्लोरीन करते. नायट्रिक का नको? ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. चंबूत तपकिरी रंग दिसला, तर आम्ल कमी पडले असे समजावे. शेवटी २ : ५ हे मोलचे प्रमाण वापरून संहती काढायची.

तोंडी परीक्षेत विचारले जाणारे हे प्रश्न प्रवेश परीक्षेतही चार पर्याय लावून येऊ शकतात. एका तासाच्या प्रयोगात तीन प्रकरणांची उजळणी होते.

प्रयोगशाळा ओस का?

प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवणी क्लासमध्ये आणि जर्नल कोणाचे तरी पाहून उतरवलेले, ही रीत आता नवी राहिलेली नाही. तिला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण हजेरी लागली म्हणून ब्युरेट हातात येतेच असे नाही. प्रात्यक्षिकाचे गुण सरसकट मिळणार असतील, तर नीट प्रयोग करणाऱ्यालाच आपला वेळ वाया गेला असे वाटू लागते.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांनी प्रकरण आधी पाठ्यपुस्तकातून समजून घ्यावे, त्यातील गणिते लॉग टेबल घेऊन हाताने सोडवावीत आणि मगच घड्याळ लावून बहुपर्यायी प्रश्नांकडे वळावे. सराव परीक्षेत चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘का चुकले’ हे एका ओळीत लिहावे. जर्नल स्वतःच्या निरीक्षणांवरून भरावे.

महाविद्यालयांनी वेळापत्रकातील प्रात्यक्षिके खरोखर घ्यावीत. मंडळाने तोंडी परीक्षा उपचार म्हणून उरकू देऊ नये. प्रामाणिक मूल्यमापनात काहींचे चार-पाच गुण कमी होतील आणि पालक नाराज होतील, हे मान्य करूनही ते व्हायला हवे. कारण खैरातीत मिळालेले ३० गुण प्रवेशापर्यंतच साथ देतात. फार्मसीच्या किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत पिपेट हातात घ्यावीच लागते, आणि तिथे शेजारच्याचे पाहून रंग ओळखता येत नाही.