अबोल आणि बुजरी

एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.

मराठीत न बोलणाऱ्या माणसासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. अबोल, मितभाषी, घुमा, एकलकोंडा, भिडस्त, संकोची, लाजाळू, बुजरा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. आमच्या आजीपाशी याहूनही अधिक आहेत, पण ते सगळेच वार्षिकांकात छापण्याजोगे नाहीत. यातला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. भिडस्ताच्या तोंडून 'नाही' निघत नाही. मुखदुर्बळाला सांगायचे पुष्कळ असते, पण ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. माणूसघाण्याला माणसेच नकोत. इतके बारीक भेद ज्या भाषेने करून ठेवले, तिच्या लेकरांनी कॉलेजात आल्यावर ही सारी भांडी अडगळीत टाकावीत आणि एकच शब्द उचलावा, याचे नवल वाटते. तो शब्द म्हणजे 'इन्ट्रोव्हर्ट'. मोबाईलवर दहा मिनिटांची प्रश्नावली भरायची, चार इंग्रजी अक्षरे मिळवायची आणि मग 'मी ना, इन्ट्रोव्हर्ट आहे' असे सांगत सुटायचे. (खरा अंतर्मुख माणूस हे इतक्या जणांना कशाला सांगेल, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवते.)

माझी तक्रार शब्द इंग्रजी आहे ही नाही. या एका शब्दाच्या पांघरुणाखाली दोन अगदी निराळी माणसे झाकली जातात आणि दोघांवर एकच औषध चालवले जाते, ही आहे.

आमच्या वर्गात मागून दुसऱ्या बाकावर आम्ही दोघी बसतो. प्राध्यापकांच्या लेखी आम्ही 'त्या दोघी गप्प मुली'. प्रश्न आला की दोघींची नजर वहीत. पण शेजारी बसून दीड वर्ष काढल्यावर मी खात्रीने सांगते, की आमच्या दोघींच्या गप्प बसण्यात काडीचेही साम्य नाही. माझी मैत्रीण सगळीकडे सारखीच आहे. वर्गात कमी बोलते, घरी कमी बोलते, एस. टी.त खिडकीशी बसून बाहेर बघते. विचारले तर उत्तर देते, आवाज कापत नाही, आणि उत्तर संपले की थांबते. हा लेख लिहू का, असे मी तिला विचारले तेव्हा 'लिही' एवढ्या एका शब्दात परवानगी मिळाली. मी मात्र एस. टी.त बसले की वाहक वैतागेपर्यंत बडबडते. विहिरीवर, शेतात, चुलीपुढे माझे तोंड बंद नसते. तीच मी वर्गात उभी राहिले की जीभ टाळूला चिकटते. ती गप्प असते कारण तिला बोलण्याची गरज वाटत नाही. मी गप्प असते कारण मला बोलायचे असते आणि भीती वाटते. स्नेहसंमेलनाहून ती घरी जाते आणि झोपते. मी घरी जाते आणि जे बोलायचे राहिले ते मध्यरात्रीपर्यंत मनातल्या मनात, फार उत्तम रीतीने, बोलत राहते.

म्हणून तिला मी अबोल म्हणते आणि स्वतःला बुजरी. बुजरा हा शब्द मुळात जनावराचा. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद फडफडला की बैल बुजतो. तो आळशी नसतो, मठ्ठ नसतो. गाडी ओढायची नाही असेही त्याच्या मनात नसते. त्याला फक्त तो कागद वाघ वाटतो. अशा वेळी पाठीत चाबूक ओढणारा गाडीवान नवखा समजावा. जाणता माणूस खाली उतरतो, कासरा आखडून धरतो, मानेवरून हात फिरवतो आणि त्याच कागदाजवळून बैलाला एकदा, दोनदा सावकाश नेतो, हुंगू देतो. चौथ्या फेरीला बैल मान खाली घालून निघून जातो. माझ्या वडिलांनी कॉलेजची पायरी कधी चढलेली नाही, पण वर्गात पोरांना बोलते कसे करावे याचा एवढा चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही. दुसरीकडे, कळपात एखादी शेळी नेहमीच चार हात दूर चरते. तिला कोणी ओढून मध्ये आणत नाही. एक डोळा ठेवायचा, बस्स.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी प्रसिद्ध केली ती कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने, १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात. त्याच्या मते अंतर्मुख माणसाच्या मनाची शक्ती आत, स्वतःच्या विचारांकडे वळते. बहिर्मुखाची बाहेर, वस्तूंकडे आणि माणसांकडे. या दोन वृत्तींना विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा अशा चार व्यापारांची जोड देऊन त्याने आठ प्रकार मानले. पुढे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी त्यांचे सोळा केले. मोबाईलवरची चार अक्षरे ती हीच. त्या दोघींचे मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर पुष्कळांचा प्रकार बदलतो, हे मात्र मोबाईल सांगत नाही. मला सोळांशी कर्तव्य नाही. मुद्दा एवढाच की युंगच्या व्याख्येत भीती हे अंतर्मुखतेचे लक्षण नाही. लक्षण आहे ते मनाच्या वळणाचे. हान्स आयझेंकने तर अंतर्मुखता-बहिर्मुखता ही एक रेघ आणि मनाचे चटकन अस्वस्थ होणे ही तिला छेदणारी दुसरी रेघ, असे स्पष्टच वेगळे काढून दाखवले.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८१ साली चीक आणि बस या दोन अमेरिकन संशोधकांनी बुजरेपणा आणि माणसांची ओढ ही दोन निराळी मापे आहेत, असे दाखवून दिले. माणसांची ओढ कमी म्हणजे बुजरेपणा नव्हे. एखाद्यात ओढ कमी आणि भीतीही कमी असू शकते. ती माझी मैत्रीण. आणि एखाद्यात ओढ भरपूर, भीतीही भरपूर असू शकते. अनोळखी विद्यार्थिनींना एकमेकींशी बोलायला बसवले तेव्हा सर्वांत अधिक अवघडलेल्या दिसल्या त्या या शेवटच्या जातीच्या. वाचताना मला कोणीतरी आमच्या घरात डोकावून गेल्यासारखे वाटले.

बुजऱ्या माणसाचे थोर उदाहरण हवे तर गांधीजींचे आहे, आणि ते त्यांनी स्वतःच आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. शाळा सुटली की कोणी आपल्याशी बोलेल, थट्टा करील, या धास्तीने हा मुलगा पळत घर गाठी. लंडनमध्ये शिकत असता ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. डॉ. ॲलिन्सन नावाच्या सभासदाला त्याच्या मतांमुळे काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. गांधीजींना त्याची मते पटत नव्हती, पण मतांसाठी त्याला काढणे अन्यायाचे वाटत होते. म्हणणे पक्के होते, कागदावर लिहून आणले होते, आणि उभे राहून वाचण्याचे धैर्य झाले नाही! अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. १८९१ साली लंडन सोडताना मित्रांना त्यांनी मेजवानी दिली. भाषण विनोदाने सुरू करायचे ठरवले होते, पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकली नाही, आभार मानून खाली बसले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले तर डोके गरगरले. घेतलेले पैसे परत केले.

हा माणूस अंतर्मुख होता म्हणून गप्प होता, असे कोण म्हणेल? ज्याला पुढे माणसांवाचून करमत नसे, आश्रम भरलेले असत, पत्रांचा पाऊस पडत असे, त्याच्यात माणसांची ओढ कमी होती असे मला तरी वाटत नाही. त्यांची जीभ मोकळी कशाने झाली, हेही पाहण्यासारखे आहे. आयुष्यातले पहिले जाहीर भाषण त्यांनी १८९३ साली प्रिटोरियात केले; श्रोते आपल्याच देशातले व्यापारी आणि विषय व्यापारातला खरेपणा. ओळखीची माणसे, छोटी सभा, मनातला विषय. आणि म्हणून भीती कायमची गेली असेही नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मोठ्या सभेत त्यांचा आवाज पुन्हा कापला आणि त्यांचे भाषण दुसऱ्यांनी वाचून पुरे केले. म्हणजे तीन वर्षांनीही बैल एकदा बुजलाच. आपल्या या स्वभावाने आपल्याला शब्द मोजून वापरायला शिकवले, असे गांधीजी म्हणतात. ते खरे असेल. पण हे वाक्य बुजऱ्या मुलांच्या तोंडावर फेकणाऱ्यांना सांगावेसे वाटते, की ज्यांना प्रिटोरिया भेटलेच नाही त्यांनी आत्मकथा लिहिलेल्या नाहीत.

दुसऱ्या टोकाला मी जी. ए. कुलकर्णी यांना ठेवीन. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, मराठी कथेतले एवढे मोठे नाव, आणि सभासंमेलनांपासून आयुष्यभर दूर. पण वर्गात वर्षानुवर्षे शिकवणारा माणूस बोलायला घाबरत होता असे म्हणता येणार नाही. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वाद उठताच ज्याने परत केला, त्याला कोणाची भीड होती असेही नाही. आणि त्यांची पत्रे पाहावीत. खंडाखंडांनी छापून निघाली आहेत, सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचेही पुस्तक झाले आहे. माणूस माणसांना विटलेला नव्हता. त्याला एका वेळी एकच माणूस, तेही कागदावर आणि आपल्या सवडीने, हवे होते इतकेच. अशा माणसाला 'जरा चारचौघांत मिसळत जा' असा उपदेश करणे म्हणजे ज्याला तहान नाही त्याला पाणी पाजणे. मला बोलते केले तर माझे भले होईल; माझ्या मैत्रिणीला बोलते केले तर ती फक्त दमेल.

मला ठाऊक आहे, सगळी माणसे अशा दोन खणांत बसत नाहीत. दोन्ही एकाच जिवात असू शकते: मुळात एकांत आवडणारा आणि वर भित्राही. बहुतेक लोक तर मधेच कुठेतरी असतात. पण मधले लोक आपले निभावून नेतात. नुकसान होते ते कडेच्यांचे.

त्यातही मुलींचे अधिक. मुलगा गप्प बसला तर घरचे विचारतात, याला काय झाले. मुलगी गप्प बसली तर म्हणतात, वळण चांगले आहे. 'गरीब आहे पोर, तोंड वर करून बोलत नाही' हे आमच्याकडे स्थळ सांगताना जोडायचे विशेषण आहे. ज्या गोष्टीला सगळे गुण म्हणतात, ती स्वभावामुळे आहे की धाकामुळे, हे तपासायची गरज कोणाला वाटणार?

शिवाय आमच्यासारख्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांचा बुजरेपणा पुष्कळदा जन्मजात नसतोच. तो पहिल्या वर्षी, ठरावीक तारखेला सुरू होतो. मी वर्गात 'पानी' म्हणाले आणि पुढच्या तीन बाकांवरून हसू आले, त्या दिवसापर्यंत मला कोणी लाजाळू म्हटले नव्हते. उलट गावच्या शाळेत प्रतिज्ञा सांगायला मीच उभी असे. ज्यांच्या घरात पुस्तकी मराठी बोलतात त्यांना बोलताना फक्त विचार करावा लागतो. आम्हाला विचारही करावा लागतो आणि प्रत्येक 'न'चा 'ण' झाला की नाही यावर पहाराही ठेवावा लागतो. मग वाक्य तयार होईपर्यंत तास संपतो आणि आम्ही 'इन्ट्रोव्हर्ट' ठरतो. हा शब्द फार सोयीचा आहे. स्वभावच म्हटल्यावर हसणाऱ्यांकडे दोष राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, जगात मुलाखती द्याव्याच लागतात. अबोल काय आणि बुजरा काय, बोलायला शिकलेच पाहिजे. मान्य. पण दोघांना शिकवायचे वेगवेगळे असते. आता अंतर्गत मूल्यमापनात तोंडी सादरीकरणाला गुण आहेत. एकदम ऐंशी जणांपुढे, फळ्यापाशी, पहिल्याच फेरीत. माझे म्हणणे असे, की पहिली फेरी पाच-सहा जणांच्या गटात घ्यावी, दुसरी अर्ध्या वर्गापुढे, आणि गुण तिसरीला द्यावेत. पहिल्या फेरीत ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत बोलावे. उच्चाराला हसणाऱ्याला बाहेर पाठवावे, निदान त्या तासापुरते. आणि ज्याला बोलण्यापेक्षा लिहिणे जमते त्याला निम्मे गुण लेखी टिपणावर मिळवण्याची मोकळीक असावी. यात खर्च काहीच नाही, चार तास अधिक जातील.

एवढे माझ्यासारख्यांसाठी झाले. माझ्या मैत्रिणीला मुद्दाम विचारले, तुझ्यासाठी काय मागू? तिने थोडा वेळ विचार केला आणि सांगितले, की वाचनालयातले खिडकीजवळचे टेबल स्नेहसंमेलनाचे सामान ठेवायला उचलून नेले आहे, ते परत आणून ठेवायला सांग.