सरळ केसांची वाकडी अट

सरळ केस ही मुलींची आवडच असते, असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं: मग ही आवड नेमकी पाहुणे बघायला येणार म्हटल्यावरच कशी जागी होते?

आमचं अर्धापूर केळीसाठी ओळखलं जातं. पण स्मूदनिंग आणि केराटिनसाठी आता इथल्या मुलींना नांदेड गाठावं लागत नाही. लग्नसराई जवळ आली की त्या तीन-चार तास खुर्चीत बसतात, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. माझे केस कुरळे. माझं दोनदा स्मूदनिंग झालं, दोन्ही वेळा स्थळ आलं होतं म्हणून. गेले अकरा महिने मी ते बंद केलंय.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे आज माझ्या डोक्यावरचे वरचे तेरा-चौदा सेंटीमीटर माझे, खालचे पार्लरचे. दोन्ही जिथे भेटतात तिथे केस तुटतो. खालच्या भागाला कितीही तेल चोपडा, तो परत कुरळा होत नाही. केसाला आकार देणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडून सरळ अवस्थेत पुन्हा जोडलेले असतात. नवे केस वाढेपर्यंत थांबायचं आणि जुने कापत राहायचं, एवढाच उपाय.

हे थांबणंच लोकांना सोसत नाही. ‘काय अवतार केलास माय!’ ‘पाहुणे येऊन जाईस्तोवर तरी करून घे.’ ‘चांगल्या घरातली दिसत नाहीस.’ हे शेवटचं वाक्य जरा नीट ऐका. केसांवरून ‘घर’ ओळखणारी नजर जात आणि रंगही तसाच मोजत असते. मुलाचं कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत गेलं तरी त्याला कुणी घर विचारत नाही. आणि कुरळे केस आपल्याकडे शोभत नाहीत म्हणावं, तर अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींच्या डोक्यावर कोरलेत ते काय आहे?

‘पण तिची मर्जी आहे ना?’ मर्जी असेल तर जरूर करावं. माझं भांडण केस सरळ करणाऱ्या मुलीशी नाही. भांडण अटीशी आहे, कारण अट घालणारा एक आणि किंमत मोजणारे दुसरेच.

केराटिन नावाने चालणाऱ्या अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा गरम मशीन फिरवलं की ते सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. मग ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिड आलं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीची केस छापून आली: त्या ॲसिडने तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा किडनीला इजा. अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. केस सरळ करणारी उत्पादनं वारंवार वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका अंदाजे ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. एकदा स्मूदनिंग केलं की कॅन्सर होतो, असा याचा अर्थ नाही. पण ‘काही होत नाही’ असाही नाही. आणि मुलगी तो वास वर्षातून एकदा घेते, पार्लरवाली ताई दिवसभर. अट घालणारा त्या खोलीत नसतोच.

१८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं, विधवांचं केशवपन करायचं नाही. केशवपन ही उघड सक्ती होती, स्मूदनिंग तसं नाही, हे मला कळतं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: नाही म्हणणारे हात वस्तरा धरणारे होते. आपल्या पार्लरवाल्या तायांनाही निदान एवढं म्हणता येईल, की लेबल नसलेली बाटली मी उघडणार नाही. घटकांची यादी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या डब्यात ओतून आणलेल्या क्रीमवर ती नसते.

आणि कुरळ्या केसांचाही बाजार उभा राहिलाय, त्यापासूनही सावध राहा. हजारोंचे किट घेतल्याशिवाय ‘नॅचरल’ होता येत नाही, ही त्याच दुकानाची दुसरी खिडकी आहे. मला मोठ्या दातांचा कंगवा, खोबरेल तेल, साधं कंडिशनर आणि धीर एवढंच लागलं. त्यातला धीर सगळ्यात महाग पडला, कारण तो घरच्यांकडूनही लागतो.

म्हणून हे वाचणाऱ्या मुलांनो, बहिणीसाठी स्थळ आलं आणि घरात कुणी ‘आधी तिचे केस करून घ्या’ म्हटलं, तर तुम्ही मोबाइल बाजूला ठेवा आणि नको म्हणा. तिने आधीच शंभरदा म्हटलेलं असतं. तुमचं ऐकतील.