सौर पॅनेलची संख्या थंडीच्या हिशेबाने ठरावी

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजने'मुळे ग्रामीण भागातील घरांवरही सौर पॅनेल दिसू लागले आहेत. संचाची आखणी करताना बहुधा उन्हाचाच विचार होतो. इन्व्हर्टरला खरा धोका मात्र थंडीच्या सकाळी संभवतो. पॅनेल जितके थंड, तितके त्याचे व्होल्टेज अधिक. रात्रभर गारठलेल्या पॅनेलवर कोवळे ऊन पडताच, विद्युतप्रवाह अल्प असला तरी व्होल्टेज झपाट्याने चढते.

पॅनेलच्या मागील बाजूस छापलेले ओपन सर्किट व्होल्टेज हे 25 अंश सेल्सिअस तापमानाचे असते. प्रचलित सिलिकॉन पॅनेलमध्ये तापमान एक अंशाने घटले की ते साधारणतः 0.25 ते 0.30 टक्क्यांनी वाढते. समजा, 50 व्होल्टची 12 पॅनेल एकसर जोडली. बेरीज 600 व्होल्ट. इन्व्हर्टरची कमाल मर्यादाही तेवढीच. कागदावर हिशेब जुळतो. परंतु 0.28 टक्के दराने लेह येथे उणे 15 अंशांना हीच मालिका सुमारे 667 व्होल्टवर जाते. थंडी केवळ हिमालयाचीच नव्हे. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा 5 अंशांवर आला तरी ती 634 व्होल्ट होते. म्हणजे निफाडला 11, तर लेहला 10 पॅनेलच सुरक्षित ठरतात.

मर्यादा ओलांडल्यास इन्व्हर्टरमधील घटक निकामी होऊ शकतात आणि वॉरंटीचा दावाही फेटाळला जाऊ शकतो. फ्यूज अतिरिक्त प्रवाह रोखतो, अतिरिक्त व्होल्टेज नव्हे. पॅनेल कमी केल्यास वीज घटेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर दुसरी स्वतंत्र मालिका हा उपाय आहे. मात्र मालिका फार आखूडही नसावी. उन्हाळ्यात तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज उतरते. ते इन्व्हर्टरच्या किमान कार्यकारी व्होल्टेजखाली जाता कामा नये.

ही आकडेमोड दहा मिनिटांची आहे. तरीही ती कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडली जाते, हे योग्य नव्हे. विस्तार कार्यकर्त्यांनी जवळच्या हवामान केंद्रावरील अनेक वर्षांच्या नोंदींतील नीचांकी तापमान शेतकऱ्यांना उपलब्ध करून द्यावे. सरासरी येथे उपयोगाची नाही. शेतकरी बांधवांनीही त्या तापमानावर आधारलेला हिशेब लेखी मिळाल्याशिवाय जोडणीस संमती देऊ नये.