खातं तिचं, मोबाइल कुणाचा?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली शेअरचा विषय निघतो. ‘ताई, आमच्या ह्यांनी माझ्या नावावर डिमॅट उघडलंय,’ एकजण कौतुकानं म्हणाली. खात्याला मोबाइल कुणाचा जोडलाय, विचारलं. अर्थातच ‘ह्यांचा’.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला छोटा हिस्सा. कंपनी कमावते तेव्हा लाभांश मिळू शकतो, भाव वाढू शकतो. कंपनी बुडाली की पैसेही बुडतात. बँकेतल्या ठेवीसारखं ठरलेलं व्याज इथे नाही. फ्युचर्स-ऑप्शन्स हा तर निव्वळ जुगारच म्हणते मी. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झालेला दिसला. असा तोटा बायकोच्या खात्यात झाला, तर ब्रोकरचं देणं कागदोपत्री तिच्याच नावावर. फायदा झाला, तर विकायचं कधी हे मात्र ओटीपी ज्याच्या हातात तो ठरवणार!

म्हणून कोणता शेअर घ्यावा, हा आपला पहिला प्रश्न नव्हेच. आधी मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा करून घ्या. दर महिन्याचं विवरणपत्र मागा. कळलं नाही, तर गटात मोठ्यानं वाचा.

त्या बाईनं नंबर बदलायचा अर्ज आणलाय. घरी अजून बोललेली नाही.